तिसरी ठळक बातमी

ती हार्ड डिस्क घरात वयाने सगळ्यांत लहान आणि नखऱ्यांनी सगळ्यांत मोठी होती. वय वर्षं सहा. काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्यावर बारीकसा चरा गेलेली. टीव्हीला जोडली की कधी तिचा दिवा झटकन लागायचा, कधी वायर तीनदा काढून परत घालावी लागायची, आणि कधी काहीही करा, बाईसाहेब ढिम्म. बाबांनी तिचं नाव राणीसरकार ठेवलं होतं. दर रविवारी दुपारी चहा टाकला की ते हाक मारायचे, "बघा रे, राणीसरकारांची मर्जी आहे का आज."

मर्जी मिळवायच्या पद्धती ज्याच्या त्याच्या. आई डिस्क उलटी करून ठेवायची. शेपूट वायर डावीकडे ताणून धरायचा. शेपूट म्हणजे घरातला धाकटा मुलगा. लहानपणी ताईच्या मागे मागे फिरायचा म्हणून हे नाव पडलं, ते आज चव्वेचाळीसाव्या वर्षी, लांब पल्ल्याची बस चालवणाऱ्या भारदस्त माणसालाही चिकटून होतं. बाबा नुसते डिस्कवर दोन बोटं ठेवून बसायचे. अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यामुळे यंत्र हाताला काय सांगतंय ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. आणि ताई? ताई काहीच न करता जीव मुठीत धरून बसायची.

जीव मुठीत धरावा असंच त्या डिस्कमध्ये होतं. ताई आठ वर्षांची असताना बाबांनी घरात एक रिवाज सुरू केला होता. रविवारी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायचा, शेपटाने लाल बटण दाबायचं, आणि स्वयंपाकघरातला डाव माइकसारखा तोंडापुढे धरून प्रत्येकाने आठवड्याच्या बातम्या वाचायच्या. बाबा मुख्य निवेदक. मुलं वार्ताहर. आईकडे हवामान, म्हणजे घरातलं हवामान. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचे अंदाज अचूक असत: "पेपर तपासणी सुरू असल्याने बुधवारपर्यंत मातोश्रींच्या परिसरात विजांचा कडकडाट संभवतो."

या बातमीपत्राचा एक नियम होता आणि तो कधीही मोडला गेला नाही. बातमीला शिक्षा नाही. बातमीपत्रात जे सांगितलं, त्यावर रागावायचं नाही, टोमणा मारायचा नाही, नंतर उकरून काढायचं नाही. बातमी कितीही भयंकर असो, मुख्य निवेदकाने फक्त एवढंच म्हणायचं: "बातमी मिळाली. आभारी आहोत." मग लगेच हवामान. मुलांनी या नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. फुटलेल्या बरण्या, हरवलेल्या छत्र्या, चाचणीतले भोपळे, सगळं तिथेच कबूल झालं. तेही सरळ नाही. पहिल्या दोन बातम्या बिनमहत्त्वाच्या असायच्या आणि खरी बातमी तिसऱ्या क्रमांकावर दडवलेली. तिसरी ठळक बातमी आली की आई चहाचा कप खाली ठेवायची.

अशी दोनशे चौदा बातमीपत्रं, एकतीस कॅसेटींवर. सहा वर्षांपूर्वी ताईनेच ती सगळी डिस्कवर चढवली. ती ग्रंथालयाच्या जतन विभागात होती. जुनी वर्तमानपत्रं, जीर्ण वह्या यांची संगणकावर प्रत करायची, प्रत तपासायची, मूळ कागदावर निळ्या शाईत "प्रत झाली" असा शिक्का मारायचा आणि कागद डावीकडच्या टोपलीत टाकायचा, हे तिचं काम. वीस वर्षं. विभागातल्या यंत्रावर तिने सुट्टीच्या दिवशी बसून घरच्या कॅसेटी एकेक करून वाजवल्या, प्रत केली, तपासली, आणि हाताला जी सवय होती ते हाताने केलं. एकतीस कॅसेटींवर एकतीस शिक्के मारले आणि एकतीस कॅसेटी डावीकडच्या टोपलीत टाकल्या. सोमवारी रद्दीची गाडी आली आणि टोपली घेऊन गेली.

हे तिच्या लक्षात आलं गुरुवारी. ऑफिसच्या कागदांची दुसरी प्रत पलीकडच्या इमारतीत ठेवायचा नियम होता. घरच्या कॅसेटींना असा कुणी वाली नव्हता. रविवारी आईने सहज विचारलं, "कॅसेटी ठेवल्यास ना गं नीट?" आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, "हो, माळ्यावर, खोक्यात." माळ्यावर खोकं होतं. त्यात जुन्या चपला होत्या.

एक खोटं, आणि त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा बेचाळीस वर्षांच्या असलेल्या बाईने लगेच सांगून टाकायला काय हरकत होती, असं कुणीही म्हणेल. तिचं तिलाही तेच वाटायचं. पण पहिल्या दिवशी जे सांगायला दोन मिनिटं लागली असती, ते दुसऱ्या वर्षी सांगायला तोंडच उरलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी राणीसरकारांचे नखरे सुरू झाले आणि ताईची झोप उडाली. आई-बाबांकडच्या फेरीत ती गुपचूप लॅपटॉप आणायची आणि सगळं उतरवून घ्यायचा प्रयत्न करायची. अकरा वेळा केला. अकराही वेळा पहिल्याच बातमीपत्रावर गाडी अडली, डिस्क टिकटिक करू लागली आणि दिवा विझला.

या रविवारी टिकटिक सगळ्यांनाच ऐकू आली. चहा निवला, तरी टीव्हीचा पडदा काळाच राहिला. बाबांनी दोन बोटं ठेवून बराच वेळ ऐकलं आणि निकाल दिला, "आत काहीतरी अडतंय. उघडावी लागणार."

"बाबा, ती काय लिफ्ट आहे का?" शेपूट म्हणाला. "मी चौकशी केली होती. असल्या डिस्क दुरुस्त करणारी एक प्रयोगशाळा आहे. पार्सल करायची, महिनाभरात काय असेल ते कळवतात."

"महिनाभर ती गाडीत आदळत आपटत जाणार आणि आदळत आपटत येणार. त्यापेक्षा मी इथे टेबलावर बघतो की."

"मला विचाराल तर तिला जरा पडू द्या," आई म्हणाली. "आठवडाभर कुणी हात लावू नका."

"ती आजारी नाहीये गं!"

"तुम्ही आजारी असता तेव्हाही हेच करते मी. बरे होता की."

ताईने घसा साफ केला. "उघडू नका. धूळ जाते आत. धुळीच्या एका कणानेही सगळं पुसलं जाऊ शकतं."

"मग खिडक्या लावतो," बाबा म्हणाले आणि खरंच उठून खिडक्या लावू लागले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना इतक्या तुरुतुरु चालताना पाहून कुणालाही बरं वाटलं असतं. ताईला मात्र नाही. खिडक्या झाल्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं. लोखंडी डबीतून स्क्रू ड्रायव्हर निघाले आणि उंचीप्रमाणे ओळीने मांडले गेले. मग बाबा ते वाक्य बोलले, ज्याची ताई दोन वर्षं धास्ती घेऊन होती. "आणि अगदी वाईटात वाईट झालंच, तरी कॅसेटी आहेत की माळ्यावर."

"अरे हो!" शेपटाचा चेहरा खुलला. "मग कशाला एवढा काथ्याकूट? उघडा बिनधास्त. मी वर चढून खोकं काढतो, म्हणजे प्रश्नच मिटला."

"नको!" ताई ओरडली. "शेजाऱ्यांची शिडी वापरायची नाही."

"स्टुलावरून पोचतो मी."

म्हणजे एकीकडे बाबांनी पहिला स्क्रू सैल करायला घेतला आणि दुसरीकडे शेपूट स्टूल शोधायला निघाला. ताई मध्ये उभी. वीस वर्षं लोकांच्या कागदांची राखण केलेली बाई, आणि स्वतःच्या घरचा आवाज वाचवायला तिच्याकडे एक धड वाक्य नव्हतं. खोटं सांभाळावं तर डिस्क जाणार. डिस्क सांभाळावी तर खोटं उघडं पडणार. बाबांनी पहिला स्क्रू वर्तमानपत्रावर ठेवला. दुसऱ्याला हात घातला.

ती स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यावं म्हणून गेली होती, पण ओट्यावरच्या जाळीत डाव निथळत होता. तोच जुना, दांड्याला किंचित बाक आलेला. तिने तो उचलला, बाहेर आली, टेबलापाशी बसली आणि डाव तोंडापुढे धरला.

"नमस्कार. घरातल्या ठळक बातम्या."

बाबांचा हात थांबला. स्टूल घेऊन आलेला शेपूट दारातच उभा राहिला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"एक. जिन्यातला दिवा अखेर तीन आठवड्यांनी बदलण्यात आला. मात्र दिवा बदलणाऱ्या गृहस्थांनी शेजाऱ्यांची शिडी अद्याप परत केलेली नाही." ताईचा आवाज निवेदिकेला शोभेल असा खणखणीत होता. "दोन. बसचालक श्री. शेपूट यांनी बिस्किटं सोडल्याची बातमी निराधार असल्याचं आज दुपारी चारच्या सुमारास स्पष्ट झालं."

आईने चहाचा कप खाली ठेवला.

"तीन." इथे निवेदिका अडखळली. "घरातल्या एकतीस कॅसेटी माळ्यावर नाहीत. सहा वर्षांपासून नाहीत. प्रत झाल्यावर वार्ताहराने त्या शिक्का मारून टोपलीत टाकल्या आणि त्या रद्दीच्या गाडीतून गेल्या. माळ्यावरच्या खोक्यात चपला आहेत. वार्ताहर खोटं बोलली. तिला सांगायची लाज वाटत होती. डिस्क उघडली तर काहीच उरणार नाही. बातम्या संपल्या."

बाबा माळ्याच्या दाराकडे बघत होते. त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"ते खोकं मी दर महिन्याला पुसतो," ते हळूच म्हणाले.

"आणि कधी उघडून बघितलं नाहीत?" आईने विचारलं.

"जे नीट आहे ते कशाला उघडायचं?"

ताईला रडू आलं आणि त्याच वेळी, नको त्या वेळी, हसूही. आपले वडील सहा वर्षं जुन्या चपलांचं खोकं फडक्याने पुसतायत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. बाबांनी वर्तमानपत्रावरचा स्क्रू उचलला, त्याच्या जागी ठेवला आणि सावकाश फिरवून पक्का केला. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ते ताठ बसले.

"बातमी मिळाली," मुख्य निवेदक म्हणाले. "आभारी आहोत."

नियमाप्रमाणे आता हवामान यायला हवं होतं. आईने तोंड उघडलंही. पण बाबांनी हात पुढे केला आणि ताईकडून डाव मागून घेतला.

"आता आणखी काही बातम्या. एक. शिडी उद्या परत करण्यात येईल. दोन. खिडक्या लावल्याने निवेदकांना उकडत आहे." ते थांबले. डाव त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. "तीन. दोन वर्षांपूर्वी सगळे बाहेर गेले असताना ही डिस्क टेबलावरून खाली पडली. पडली म्हणजे निवेदकांचा कोपर लागला. कोपऱ्यावर चरा आला. निवेदकांनी ती पुसून कपाटात ठेवली आणि काही न बोलता राणीसरकार हे नाव पाडलं, म्हणजे नखरे तिचेच आहेत असं सगळ्यांना वाटेल. आपण मोडली तर आपणच दुरुस्त करावी, म्हणून उघडायची घाई होती. बातम्या संपल्या."

दोनशे चौदा बातमीपत्रं ताईने स्वतः ऐकून तपासली होती. त्यात बाबांच्या तोंडी पाहुणे होते, पाण्याची टाकी होती, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं होती. स्वतःची चूक एकदाही नव्हती. नियम त्यांनी केला होता, वापरला मात्र आज पहिल्यांदा. आणि आता डाव हातात धरून ते आठ वर्षांच्या मुलासारखे उत्तराची वाट बघत होते.

मुख्य निवेदकानेच बातमी दिली तर उत्तर कुणी द्यायचं, याची नियमात सोय नव्हती. ताईनेच मग टेबलावरून वाकून त्यांचा हात धरला. "बातमी मिळाली," ती म्हणाली. "आभारी आहोत."

"हवामान!" आई घाईघाईने म्हणाली. "गेली सहा वर्षं माळ्याच्या परिसरात आणि गेली दोन वर्षं कपाटाच्या परिसरात असलेलं मळभ आज दुपारी दूर झालं. डोळ्यांच्या भागात तुरळक पाऊस. आणि आता कुणीतरी खिडक्या उघडा, जीव गेला माझा."

शेपटाने खिडक्या उघडल्या. मग परत येऊन त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. पडद्यावर लाल ठिपका चालू होता. "मी दाबलं होतं," तो जरा ओशाळून म्हणाला. "ताईने नमस्कार म्हटलं आणि हात आपोआप गेला." लाल बटण दाबणं हे त्याचं चार वर्षांचा असल्यापासूनचं काम होतं.

मन हलकं झालं, तरी डिस्क होती तिथेच होती. ताईने लॅपटॉप काढला आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर आपल्या अकरा प्रयत्नांची हकीकत सांगितली. डिस्क दहा-बारा मिनिटं चालते, पण सगळं उतरवायला घेतलं की क्रमांक एकवरच अडते.

"अकराही वेळा एकपासून सुरुवात केलीस?" आईने विचारलं.

"मग कुठून करणार? क्रमाने जायला नको?"

"अगं, तेहतीस वर्षं मी पोरांना घसा फोडून एकच गोष्ट सांगितली. येत नाही तो प्रश्न सोडा, पुढचा घ्या. पहिल्याच गणितावर तीन तास बसणारी मुलं नापास होतात. माझ्या पोटची मुलगी त्यांच्यातली निघाली!"

"आई, हा टोमणा आहे."

"बातमीपत्र संपल्यावर मारलाय. चालतो."

ताईने क्रमांक एक सोडला आणि फक्त क्रमांक दोन निवडला. डिस्क टिकटिकली, थांबली, विचार केल्यासारखी गुरगुरली, आणि क्रमांक दोन सुखरूप लॅपटॉपवर आला. शेपटाने आनंदाने आईलाच उचललं. मग तीन. मग चार. बारा मिनिटं झाली की दिवा विझायचा. मग आईच्या पद्धतीने डिस्क उलटी करून गार फरशीवर पंख्याखाली ठेवायची, अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. नंतर शेपूट वायर डावीकडे धरायचा, बाबा दोन बोटं ठेवायचे, की पुन्हा दिवा. कुणाच्या पद्धतीने काम होत होतं ते सांगता येणार नाही. सांगायची कुणाची इच्छाही नव्हती. हे असं दोन रविवार चाललं. दोनशे सात बातमीपत्रं आली. सात आली नाहीत. त्यातलं एक शेपटाने संपूर्ण गाणं म्हटलेलं होतं, आणि त्याबद्दल फक्त शेपटालाच वाईट वाटलं.

दुसऱ्या रविवारी ताईने ग्रंथालयाचा नियम घरी लागू केला. एक प्रत तिच्याकडे, एक शेपटाकडे, आणि एक तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी, म्हणजे पलीकडच्या इमारतीची सोय झाली. तिन्ही ठिकाणी दोनशे सात जुनी आणि एक नवीन, जिच्यावर शेपटाने क्रमांक दोनशे पंधरा घातला होता.

शेवटी तिने एकदा क्रमांक एक उघडून पाहिला. टिकटिक. अंधार.

"जाऊ दे," आई म्हणाली. "काय होतं गं त्यात?"

"मी होते." ताईने वायर गुंडाळायला घेतली. "मी बाबांचं मनगटी घड्याळ जिन्यावरून खाली पाडलं होतं. दोन दिवस जेवले नव्हते. मग रविवारी बाबा टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि म्हणाले, आजपासून घरात बातम्या. बातमीला शिक्षा नाही. तिसरी बातमी घड्याळाची होती."

बाबा विचारात पडले. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग छताकडे. "कुठलं घड्याळ?"

"चामड्याच्या पट्ट्याचं. तुमचं लाडकं. बाबा, गंमत करू नका. चाळीस वर्षं मला वाटतंय की ते तुमच्या मनात आहे."

"नाही गं. काही आठवत नाही." ते खरंच सांगत होते. "एवढं आठवतंय की तू जेवत नव्हतीस. मग जेवलीस."

ताईने डिस्क हातात घेतली, पांढऱ्या शाईचं पेन काढलं आणि चऱ्याशेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "प्रत झाली." खाली लिहिलं, "तीन ठिकाणी." मग ती बाबांपुढे सरकवली. "घ्या. आता उघडा."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे ओळीने मांडले. खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि या वेळी त्या लावायला कुणी उठलं नाही.